घरासाठी जनरेटर घ्यायचा आहे, किती केव्हीएचा घेऊ? (आई ऑक्सिजन मशीनवर आहे)

तापीकाठ_यावल
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात गाव, घरी आई, मी, बायको आणि दोन मुलं. आईच्या फुप्फुसाचा त्रास वाढला, फेब्रुवारीपासून घरीच ऑक्सिजन मशीन लावलंय. पाच लिटरचं मशीन आहे, डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितलंय आणि रात्रभर लागतं.

मागच्या आठवड्यात वादळ आलं. केळीच्या बागा आडव्या झाल्या, मेन लाइनचे पोल पडले आणि लाइट २६ तास गेली. संध्याकाळी लाइट गेली तसं मशीन पीं-पीं करायला लागलं. तो आवाज अजून कानात आहे. जुन्या इन्व्हर्टरवर मशीन जोडलं तर ते घुर्रर्र करून गरम व्हायला लागलं, घाबरून बंद केलं. शेवटी रात्री साडेदहाला आईला गाडीत घालून भुसावळला नेलं. वाटेत दोन ठिकाणी झाडं पडलेली.

आता जनरेटर घ्यायचाच. दुकानदार म्हणतो ५ केव्हीएचा डिझेल घ्या, सगळं घर चालेल. मेहुणा म्हणतो १ केव्हीए पेट्रोलवाला पुरे. घरात मशीन, फ्रीज, कूलर, तीन पंखे, दिवे आणि बोअरची १ एचपीची मोटर आहे. ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा.

केळीवाला_रावेर
दादा, सरळ डिझेल घ्या. ५ केव्हीए, सेल्फ स्टार्ट. माझ्याकडे १२ वर्षं आहे. बोअर चालते, घर चालतं, लग्नात मांडवालाही दिला. पेट्रोलवाली खेळणी दोन वर्षांत भंगारात जातात.

शिरपूरकर_भाऊ
भाऊ, जनरेटर लेवाना पहिले घरमा काय काय चालस ते मोज. मंग पैसा काढ.

वायरिंगवाला
शिरपूरकर भाऊंनी एका ओळीत सगळं सांगितलं. मी २० वर्षं घरांच्या आणि शेतांच्या वायरिंगची कामं करतोय, थोडा हिशोब मांडतो.

केव्हीए म्हणजे पूर्ण किलोवॅट नव्हे. साधारण ०.८ ने गुणा. २ केव्हीएचा जनरेटर १.६ किलोवॅट देतो, ५ चा ४. आता तुमचा भार बघा. ऑक्सिजन मशीन ३५० वॅटच्या आसपास (मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं, तेच धरा), कूलर १८०, फ्रीज १५०, एक साधा पंखा ७५, चार एलईडी ४०. झाले ८०० वॅट. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो, म्हणून १ केव्हीए तिथे दम टाकेल. २ केव्हीए आरामात ओढेल.

खरी खोड मोटरची आहे. १ एचपीची सबमर्सिबल चालू असताना ११०० वॅटच्या आसपास घेते, पण उठताना तिपटीपासून पाचपटीपर्यंत करंट मागते. त्या दोन सेकंदांसाठी तुम्ही ५ केव्हीए विकत घेता. त्यापेक्षा गच्चीवर टाकी मोठी बसवा, लाइट असताना भरून ठेवा. पाणी साठवता येतं दादा.

केळीवाला_रावेर
टाकी दोन दिवसांत संपते. वादळ झालं की आमच्याकडे चार-चार दिवस लाइट नसते. गुरं आहेत, त्यांना काय पाजू?

वायरिंगवाला
आप्पा, तुमच्याकडे गुरं आहेत, बाग आहे, तुम्हाला डिझेलच पाहिजे. यांची गरज वेगळी आहे.

सिस्टर_अमळनेर
मी नर्स आहे. दादा, जनरेटरच्या आधी माझं एक काम करा. घरात ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर ठेवा, रेग्युलेटरसह. बी टाइप सिलिंडरमध्ये १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला २ लिटर म्हणजे तासाला १२० लिटर, म्हणजे साडेबारा तास. जनरेटर सुरू झाला नाही, पेट्रोल संपलं, इन्व्हर्टर बिघडला, तरी रात्र निघते. आमच्याकडे येणारे बरेच नातेवाईक मशीन घेतात आणि सिलिंडर परत करतात, तसं करू नका.

सिलिंडर उभं, साखळीने बांधून ठेवायचं. जवळ देवाचा दिवा, उदबत्ती, बिडी काही नको. रेग्युलेटरला तेल-ग्रीस अजिबात लावायचं नाही, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेतात. आणि दर महिन्याला काटा बघा, वापरलं नाही तरी गळून रिकामं झालेलं असू शकतं. मशीन बंद पडल्यावर सिलिंडर कसं जोडायचं हे वहिनींना आणि मोठ्या मुलाला शिकवून ठेवा. त्या वेळी तुम्ही शेतात असाल.

तापीकाठ_यावल
ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच बघतो. खूप आभार.

धुळे_कॉर्नर
सोलर बसवा ना. सरकार पैसे देतंय, बिल शून्य, जनरेटरची कटकटच नाही.

दोंडाईचा_मास्तर
धुळेकर, थांबा. हाच गैरसमज माझाही होता. पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट बसवलं, ७८,००० रुपये अनुदान मिळालं, बिलही उतरलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली आणि आमचा पंखा थांबला. वर पॅनेलवर डोळे दिपतील एवढं ऊन, पारा ४४ वर, खाली आम्ही पुठ्ठ्याने वारा घालतोय. मी बसवणाऱ्याला फोन केला की मशीन बिघडलं. तो म्हणाला, बिघडलं नाही सर, ते बंद व्हायलाच पाहिजे.

ऑनग्रिड इन्व्हर्टरला समोर लाइनची वीज दिसली तरच तो चालतो. लाइट गेल्यावरही त्याने वीज सोडली तर पोलवर चढलेल्या माणसाला शॉक बसेल, म्हणून तो आपोआप बंद होतो. लाइट गेल्यावर चालायला हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तो खर्च वेगळा. आमच्या जिल्ह्यात साक्रीला १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे, तरी ही साधी गोष्ट आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हती.

धुळे_कॉर्नर
हे खरंच माहीत नव्हतं मास्तर. मी पुढच्या महिन्यात बसवणार होतो. आता हायब्रिडची चौकशी करतो.

भुसावळ_जंक्शन
आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. लहानपणापासून बघतोय. अख्ख्या राज्याला वीज जाते आणि आमच्या गल्लीत एक डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की चार दिवस अंधार. फार जिवाला लागतं हे.

वायरिंगवाला
भावना समजते, मलाही लागतं. पण वीज बनवणं वेगळं आणि शेवटच्या मैलाची तार वेगळी. मे-जूनच्या वादळात ११ केव्हीची लाइन पडते, फांद्या पडतात, पिन इन्सुलेटर फुटतात. आणि उन्हाळ्यात एकाच डीपीवर सगळे कूलर, एसी आणि चोरून टाकलेले आकडे. १०० केव्हीएच्या डीपीवर दीडशेचा भार टाकला की तिचं तेल उकळणारच. एप्रिलमध्येच तारांजवळच्या फांद्या छाटल्या तर निम्मा त्रास वाचेल. आमच्या गावात गेल्या वर्षी आम्ही अर्ज देऊन, मागे लागून छाटून घेतल्या. फरक पडला.

पाचोऱ्याची_लेक
मला एक सांगायचंय, आणि सगळ्यांनी वाचावं. दोन वर्षांपूर्वी पावसात लाइट गेली. आमच्याकडे छोटा पेट्रोल जनरेटर होता. भिजू नये म्हणून यांनी तो जिन्याखाली ठेवला, बाहेरचं दार उघडं होतं. तासाभराने माझं डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं उकाडा. मग मुलगी म्हणाली, डोकं दुखतंय. सासूबाईंना उलटी झाली, आम्हाला वाटलं रात्रीची शेवभाजी बाधली. धाकटा दीर वरून खाली आला आणि म्हणाला, वहिनी, सगळ्यांचंच कसं दुखतंय? त्याने जनरेटर बंद केला आणि सगळ्यांना पावसात अंगणात बसवलं. सासूबाईंना उचलून आणावं लागलं. डॉक्टर म्हणाले अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

सिस्टर_अमळनेर
बाई गं. देवाने वाचवलं, आणि दिराने. हा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, ही त्याची खूण. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. दार उघडं आहे, खिडकी उघडी आहे, याने भागत नाही. पडवीत नाही, गॅरेजमध्ये नाही, जिन्याखाली नाही. घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड खिडकीकडे नको. तापीकाठ दादांच्या आईला तर आधीच श्वासाचा त्रास. त्यांच्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा, मग जनरेटरची जागा ठरवा.

केळीवाला_रावेर
ताई, तुमची गोष्ट वाचून मी आत्ता उठून बघून आलो. माझा डिझेल सेट गोठ्याच्या भिंतीला लागून आहे आणि वरच गड्याच्या खोलीचा झरोका. आजच हलवतो.

जामनेर_कापूस
भरीताचा मोसम असता तर या धाग्यावर सगळ्यांना बोलावलं असतं. तोपर्यंत एक प्रश्न: आमच्याकडे जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये लावतात, दोन्हीकडे टॉप (प्लग) असलेली. चालतं का?

वायरिंगवाला
नाही. नाही. नाही. हात जोडतो.

ती वायर म्हणजे माणूस मारायचं हत्यार आहे. एक, जनरेटर चालू असताना एक टॉप निघाला तर त्याच्या उघड्या पिना जिवंत असतात आणि घरात लेकरं असतात. दोन, मेन स्विच पाडायचा राहिला तर तुमची वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते. डीपी ११,००० व्होल्टचे ४३३ करते, तीच उलटी लागली की ४३३ चे ११,००० करते. वायरमन समजतो लाइन बंद आहे आणि हात घालतो. माझ्या ओळखीचा एक पोरगा असाच गेला, २६ वर्षांचा. तीन, लाइट परत आली की तुमचा जनरेटर आणि लाइन समोरासमोर भिडतात, वाइंडिंग जागच्या जागी जळतं.

चेंजओव्हर स्विच बसवा. सिंगल फेजला डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, मधे 'बंद' ची खूण. वरती लाइन, खालती जनरेटर, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. जनरेटरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. दोन टॉपची वायर घरात असेल तर आजच कापून टाका.

जामनेर_कापूस
कापली. आत्ता. वडील थोडे रागावले, मग तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

पुण्यात_खान्देशी
अर्थिंगबद्दल कुणी बोललं नाही. जनरेटरच्या बॉडीला अर्थ जोडलीच पाहिजे. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो आणि अर्थ नावापुरतीच राहते. माझे आजोबा अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिलपासून रोज दोन बादल्या पाणी ओतायचे. तेव्हा कळायचं नाही का ते.

वायरिंगवाला
आजोबांना नमस्कार. मीठ-कोळसा घालून केलेला खड्डासुद्धा ओला असेल तरच काम करतो.

तापीकाठ_यावल
इन्व्हर्टरचं कुणी सांगेल का? जुन्यावर मशीन घुरघुरलं ते का? आणि जनरेटरऐवजी दोन बॅटऱ्यांवर भागेल का?

दोंडाईचा_मास्तर
जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. ट्यूब, पंखे त्यावर चालतात, पंखा जरा गुणगुणतो. पण ऑक्सिजन मशीनमध्ये कॉम्प्रेसरची मोटर असते, ती त्या विजेवर तापते. प्युअर साइन वेव्हवालाच घ्या, तो मेन लाइनसारखी वीज देतो. त्यावर यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलं की बदल इतक्या झटकन होतो की मशीनला कळत नाही.

हिशोब असा. १२ व्होल्ट १५० एएच (अँपियर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. पण ते १५० एएच २० तासांत सावकाश वापरलं तर मिळतं. चारशे वॅटचा भार टाकला की प्रत्यक्षात १,२०० हाती लागले तरी पुष्कळ. मशीन ३५०, पंखा ७५, दिवा १०, म्हणजे अडीच-पावणेतीन तास. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला आणि पंखा बीएलडीसी लावला (तो ३० वॅटमध्ये भागवतो) तर सहा तास. रोजच्या जाण्या-येण्याला हे पुष्कळ. २६ तासांना नाही.

बॅटरी उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका. उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आपल्याकडे तर घरातच ४० असतं. मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी पाणी तपासा, डिस्टिल्डच घाला.

शिरपूरकर_भाऊ
म्हंजे दोन्ही पाहिजे. बॅटरी ताबडतोब धरस, जनरेटर लांबनी रात्र काढस.

वायरिंगवाला
अगदी. आणि दोन्हींची गाठ घाला. जनरेटर तीन-चार तास लावला की मशीनही चालतं आणि बॅटरीही चार्ज होते, मग रात्री जनरेटर बंद, शांत झोप. काही इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नाहीत, कारण व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी हलते. म्हणून एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेला जनरेटर घ्या, आणि इन्व्हर्टर दुकानातच जनरेटरवर लावून दाखवायला सांगा. चार्जिंगचा भारही मोजा, दोन बॅटऱ्या चार-पाचशे वॅट ओढतात. त्या वेळी कूलर बंद ठेवा.

सौ_चाळीसगाव
फ्रीजचा विषय निघालाय तर, माझ्या सासऱ्यांना इन्सुलिन लागतं. लाइट दोन-दोन दिवस जाते. फ्रीजसाठी जनरेटर लावू का?

सिस्टर_अमळनेर
ताई, फ्रीज उघडला नाही तर चार तास थंड राहतो. त्यापुढे चालू असलेली बाटली मडक्यात ठेवा. मोठं मडकं, त्यात वाळू, ती ओली, वाळूत छोटं मडकं, त्यात डबीत बाटली, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल असं. आपला कोरडा उन्हाळा असल्याने हे छान गार राहतं. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशातच हवा, तो वाटल्यास गावातल्या मेडिकलवाल्याकडे ठेवा. बर्फात थेट घालू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

अमळनेरचा_मेकॅनिक
उशिरा आलो. जनरेटर दुरुस्त करतो म्हणून सांगतो, माझ्याकडे येणाऱ्या दहातले सात पेट्रोल जनरेटर एकाच आजाराचे असतात: दिवाळीत बंद केला, मे महिन्यात ओढला, सुरू होत नाही. टाकीतलं पेट्रोल जुनं झालं, कार्बोरेटरमध्ये डिंकासारखं जमलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जास्तच लवकर.

उपाय सोपा आहे. काम झालं की इंजिन चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबेल. महिन्यातून एकदा १५ मिनिटं भार टाकून चालवा, नुसता रिकामा नव्हे. नवीन असेल तर पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, दहा मिनिटं थांबा. पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, सावलीत, तोंडापर्यंत न भरता.

आणि रावेरच्या आप्पांना: पेट्रोलवाली खेळणी नाहीत, पण तुमचं एक म्हणणं खरं आहे. ती ३,००० आरपीएमवर फिरतात, तुमचा डिझेल सेट १,५०० वर. रोज आठ तास चालवायचा तर डिझेलच. वर्षातून पंधरा दिवस चालवायचा तर पेट्रोल.

केळीवाला_रावेर
हे पटलं. खर्चाचं सांगा त्यांना.

अमळनेरचा_मेकॅनिक
२ केव्हीएवर ८०० वॅट भार असेल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे दहा तासांचे सहा-सात लिटर. महाग पडतं, पण ते वर्षाचे किती तास, तेही बघा.

धुळे_कॉर्नर
ट्रॅक्टरवर चालणारा अल्टरनेटर मिळतो ना? पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर जोडतात. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला वेगळं इंजिन कशाला?

केळीवाला_रावेर
मिळतो, चांगला चालतो. पण रात्रभर ४५ एचपीचा ट्रॅक्टर एका मशीनसाठी घुमवायचा, म्हणजे पापड भाजायला भट्टी पेटवण्यातला प्रकार. आणि पीटीओच्या शाफ्टवर गार्ड पाहिजेच, धोतर-साडी अडकली की खेचून घेतो.

तापीकाठ_यावल
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यामुळेच केलं.

आधी सिलिंडर आणलं. बायको आणि मोठा मुलगा दोघंही आता दोन मिनिटांत जोडतात, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलाने एकदा करून दाखवलं. मग साइन वेव्ह इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या. मग २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर, एव्हीआरवाला. ३२ अँपियरचा चेंजओव्हर मीटरशेजारी बसवला. जनरेटर आईच्या खोलीच्या उलट बाजूला, निंबाखाली, विटांच्या ओट्यावर. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. घरापासून २५ फूट मोजले. अर्थिंगचा खड्डा नवा केला. पाणी मुलगी ओतते.

परवा पुन्हा वादळ झालं. पावणेआठला लाइट गेली. मी खळ्यात होतो, धावत आलो. आई पलंगावर बसून मुलाकडून गोष्ट ऐकत होती, मशीन चालू, पीं-पीं नाही. नऊ वाजता जनरेटर लावला, बाराला बंद केला, पुढे बॅटरीवर. पहाटे पाचला लाइट आली. सकाळी चहा घेताना आई म्हणाली, काल वारा फार होता, लाइट नाही का गेली?

सिस्टर_अमळनेर
दादा, डोळ्यात पाणी आलं. काकूंना नमस्कार सांगा.

पाचोऱ्याची_लेक
२५ फूट वाचून बरं वाटलं.

जामनेर_कापूस
जनरेटरपासून चेंजओव्हरपर्यंत केबल कोणती टाकली?

तापीकाठ_यावल
तीन कोरची तांब्याची, २.५ चौरस मिमी, ४० फूट. जमिनीतून पाइपात घालून नेली. वायरिंगवाला दादांना फोटो पाठवून विचारून घेतलं.

केळीवाला_रावेर
सगळं चांगलं केलं दादा. पण बोअर काही चालत नाही तुमच्या जनरेटरवर, हे मी परत सांगतो.

तापीकाठ_यावल
नाही चालत आप्पा. २,००० लिटरची टाकी बसवलीय, रोज संध्याकाळी सहाला भरतो. गुरं वाढली की तुम्हालाच फोन करेन.